पाटीवरची खालची ओळ

परवा आमचा मिक्सर जळाला. आधी वास आला, मग धूर, मग आईचा आवाज. मी तो पिशवीत घालून चौकातल्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, परवा या." मी म्हटलं, "माझ्यासमोर उघडाल का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या कपाटाची किल्लीच मागितली होती. मी मिक्सर ठेवून परत आले. परक्या माणसाशी इतकं बोलले हेच माझ्या मानाने पुष्कळ होतं. वाटेत लक्षात आलं, की "माझ्यासमोर उघडा" हे माझं वाक्यच नव्हतं. ते सुमनताईंचं होतं.

बाबांच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही पाच वर्षं परभणीला होतो. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि समोर आबांचं घर होतं. आबा गल्लीतले वजनदार गृहस्थ, त्यांच्या पत्नी माई. त्यांच्या घराच्या दर्शनी बाजूला रस्त्याकडे तोंड करून एक गाळा होता, आणि त्या गाळ्यात सुमनताई रेडिओ, टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या, जे बिघडेल ते दुरुस्त करायच्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतून रोज सकाळी सायकलवर येत. सायकल चालवणारी लग्न झालेली बाई त्या गल्लीने तोवर पाहिली नव्हती. पेचकस घेऊन बसलेली तर नाहीच नाही. नवरा ट्रकवर असे, महिन्यातून चार दिवस घरी.

माझी शाळा इंग्रजी, घरी फारसं बोलायची सवय नाही, आणि गल्लीतल्या मुली माझ्यासमोर आल्या की गप्प होत. त्यामुळे मी खिडकीत बसायचे. खिडकीतून सुमनताईंचं टेबल दिसायचं. त्यांनी मला नाव कधी विचारलंच नाही. "ए इंग्लिश," त्या खालून हाक मारत, "बघत काय बसलीस? खाली ये, स्क्रू धर."

हा त्यांचा कायदा होता. ज्याची वस्तू, त्याच्या हातात स्क्रू. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याने समोरच्या स्टुलावर बसायचं, तळहात पसरायचा, आणि यंत्र उघडून पुन्हा बंद होईपर्यंत स्क्रू सांभाळायचे. लोकांना हे अवघड जायचं. एक मास्तर चिडून म्हणाले, "अहो बाई, मला शाळा आहे." सुमनताई म्हणाल्या, "मंग शाळा सुटल्यावर या. इस्त्री कुठं पळून जायलीय?" मला एकदा विचारावंसं वाटलं, की असं का. विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. "माणसानं आपल्या वस्तूच्या आत काय हाय ते एकदा बघून ठेवावं. मग त्याला कुणी फसवत न्हाई. मी बी न्हाई."

"काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं," असं प्रत्येकजण म्हणायचा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "आपोआप फकस्त गवत उगवतंय." आणि मग त्या शोधून काढत. इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर पापड भाजलेले असत. रेडिओत लाल मुंग्यांचं वारूळ असे, कारण त्याच्यावर कोणीतरी रोज चहाची बशी ठेवत होतं. एकदा वसतिगृहातली दोन मुलं पाणी तापवायचा रॉड घेऊन आली. रॉडला पांढरा थर. सुमनताईंनी नखाने खरवडून वास घेतला.

"दूध तापवलं?"

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

"शेतीचं शिकायलाव ना तुमी? आरं, निदान म्हशीला तरी विचारायचं!"

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्या ठेच्यामुळे. आईने नव्या मिक्सरचं भांडं मिरच्यांनी काठोकाठ भरलं, झाकण नीट लावलं नाही आणि बटण दाबलं. झाकण उडालं, ठेचा छताला गेला, आणि छताला पंखा चालू होता. पुढचा अर्धा तास आम्ही तिघं गॅलरीत उभे राहून रडत होतो. सुमनताई दारात आल्या, वर पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, भाकरी घेऊन वर चढायलाव का आता?" माझी आई कधीच मोठ्याने हसत नाही. त्या दिवशी हसली. पण चहा द्यायची वेळ आली तेव्हा ती घुटमळली. मी ते पाहिलं, आणि सुमनताईंनीही पाहिलं. "चहा नको," त्या म्हणाल्या, "तुमचा हात मोकळा करा, स्क्रू धरायचेत."

सिनेमा आणि टीव्हीबद्दल त्यांची मतं पक्की होती, आणि ती कोणी विचारायची वाट पाहत नसत. दुकानात रेडिओ सतत चालू असे. एखाद्या गायिकेबद्दल त्या म्हणत, "हिचा आवाज फाटक्या स्पीकरला बी सांभाळून घेतोय." सिनेमातल्या नायकांवर मात्र त्यांचा राग होता. "वीस गुंड एकटा लोळवतोय, हेलिकॉप्टर चालवतोय. पण एका तरी पिक्चरमध्ये घरातला फ्यूज बसवताना बघितलंस का त्याला, इंग्लिश? लाईट गेली की नायिका मेणबत्ती शोधती आन् हा गाणं म्हणतोय." तेव्हापासून मला अंधारातलं कोणतंही प्रेमगीत धड बघता आलेलं नाही. मी मनात म्हणते, आधी फ्यूज बघ.

रंगीत टीव्ही गल्लीत कोणाकडेच नव्हता. लोक बाजारातून तीन पट्ट्यांचा प्लास्टिकचा पडदा आणून काचेवर लावायचे : वर निळा, मध्ये लालसर, खाली हिरवा. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची, पण घरात रंगीत टीव्ही असल्याचं समाधान मिळायचं. सुमनताई दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवरून तो पडदा काढून मालकाच्या हातात द्यायच्या. "हे घ्या. असलं लावून खोटं बघायची सवय लागती."

वारा सुटला की अँटेना फिरायच्या. साडीचा कासोटा घालून त्या लोखंडी शिडीने गच्चीवर जात. खाली अंगणातून पुरुष ओरडत, "आलं, आलं! गेलं! थोडं उलटं!" वरून त्यांचा आवाज येई, "आबा, नक्की ठरवा, मी का कोंबडा हाय का वाऱ्यावर फिरायला?" बायका पदर तोंडाला लावून हसत. काही म्हणत, बाईच्या जातीला हे शोभत नाही. शोभत नाही म्हणणाऱ्यांच्या घरीही टीव्ही होता, त्यामुळे ते हळू आवाजात म्हणत.

त्या हे सगळं कुठे शिकल्या, हे मला एकदाच कळलं. मी स्क्रू धरून बसले होते. समोर जुना लाकडी रेडिओ होता. त्याची पाठ परत बसवता बसवता त्या म्हणाल्या, "असाच व्हता आमच्या घरी. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला अन् गावोगाव पेटलं, त्या साली आमचं घर जळालं. दुसऱ्या दिवशी राखेतून रेडिओ काढला. लाकूड सगळं गेलेलं, आन् आतलं उघडं. तारा, चुंबक, गुंडाळ्या. तवा मला पहिल्यांदा दिसलं आत काय असतंय." त्यांनी हात पुढे केला. "एक स्क्रू दे. लांबडा."

पुढे त्यांनी औरंगाबादला जाऊन रेडिओचा कोर्स केला. दुकान टाकल्यावर बाहेरून बी.ए. केलं. सोल्डरिंगच्या स्टँडला टेकवलेलं इतिहासाचं पुस्तक मी खिडकीतून पाहिलेलं आहे. मी दहावीत होते त्या वर्षी त्या पास झाल्या. तोवर दुकानाच्या पाटीवर तीन ओळी होत्या. पहिली, 'सुमन रेडिओ टीव्ही रिपेअरिंग'. दुसरी, 'मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करून मिळतील'. तिसरी, 'सौ. सुमन वाघमारे'. निकालानंतर त्यांनी पेंटरला बोलावून तिसऱ्या ओळीत 'बी.ए.' घातलं आणि तिच्या खाली, कंसात, बारीक अक्षरात चौथी ओळ लिहून घेतली. त्या ओळीत विद्यापीठाचं नाव होतं. जुनं नाही. ज्या नावासाठी मोर्चे निघत होते, लोक तुरुंगात जात होते, घरं जळत होती, ते नवं नाव. त्यांच्या पदवीच्या कागदावरही ते नव्हतं. अजूनही कोणाच्या कागदावर नाही. मी हे लिहिते आहे तेव्हाही विद्यापीठाचं नाव बदललेलं नाही.

आबांनी आठवडाभर काही म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी ते गाळ्यापुढे उभे राहिले. मी खिडकीत होते.

"सुमनबाई, तुमच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण ती खालची ओळ. लोक मला विचारायलेत, आबा, तुमच्या घरावर हे काय लिवलंय?"

"माझ्या पाटीवर लिवलंय आबा. पाटी माझी हाय."

"घर माझं हाय ना पण? विद्यापीठाचं खरं नाव लिहा, कोण न्हाई म्हणतंय?"

"हेच खरं हाय. सरकारला लिहायला उशीर व्हायलाय म्हून मी बी उशीर करू का?"

आबा भांडखोर गृहस्थ नव्हते. गल्लीत कोणाचं अडलं तर पहिले धावून जात. नाल्यापलीकडच्या बाईला गाळा दिला म्हणून त्यांनी आधीच बोलणी खाल्ली होती. पण आता त्यांच्या गावाकडचे भाऊबंद येऊन बसत आणि पाटीकडे बोट दाखवत. "पुढच्या सोमवारपर्यंत ओळ पुसा," ते म्हणाले, "न्हाईतर गाळा मोकळा करून द्या." आणि आत गेले.

त्या आठवड्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता. आईसुद्धा म्हणाली, "एका ओळीसाठी चालतं दुकान घालवायचं? पुसून टाकावी, मनात ठेवावी." सुमनताईंनी कोणापाशी विषय काढला नाही. त्यांना दुसरीकडे गाळा मिळणार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि आबांनाही. वस्तीतल्या त्यांच्या घरी एकच खोली, आणि तिथवर गल्लीतलं कोण आपला मिक्सर घेऊन जाणार?

सोमवारच्या आधी रविवार आला. त्या काळातला रविवार ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि रस्ते ओस पडायचे. आबांच्या बैठकीत पस्तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसत. चपला बाहेर. माई आंघोळ करून, सोवळ्याने, टीव्हीला हार घालत, कुंकू लावत, उदबत्ती ओवाळत. त्या रविवारी मालिकेत लग्न होतं. आता देवाघरचं लग्न, आणि आपण काय नुसतं बघत बसायचं? माईंनी तांदूळ कुंकवाच्या पाण्यात भिजवून सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या. मलाही दिल्या. पडद्यावर अंतरपाट धरला गेला, मंत्र सुरू झाले, आणि चाळीस माणसांनी एकदम टीव्हीवर अक्षता टाकल्या.

टीव्हीच्या वरच्या बाजूला हवा जायला फटी असतात. ओले लाल तांदूळ त्या फटींतून आत गेले. फट् असा आवाज झाला, पडदा मिटत मिटत एका पांढऱ्या ठिपक्याएवढा झाला, आणि तोही विझला. जळक्या तांदळाचा वास सुटला. नवरदेवाच्या गळ्यात अजून माळ पडली नव्हती.

"अगं माय, काय झालं हे!" माईंचे डोळे भरून आले. "अपशकुन झाला."

कोणीतरी म्हणालं, सुमनबाईला बोलवा. मग सगळे आबांकडे पाहायला लागले. आबा छताकडे पाहायला लागले. माईच उठल्या आणि दारातून हाक मारली. रविवारी अँटेनांचं काम निघतं म्हणून सुमनताई सकाळी दुकान उघडत. त्या ओट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. आजवर या घरातली वस्तू नेहमी ओट्यावरच आणून दिली जात असे. गच्चीवर जायची शिडीसुद्धा बाहेरून होती.

"टीव्ही बाहेर आणून देतो," आबा म्हणाले.

"उचलू नका," सुमनताई म्हणाल्या. "आत ओलं हाय, पडद्यामागची नळी तापलेली हाय. हलवला तर नळी जाईल. जिथं बिघडलाय तिथंच उघडावा लागंल."

देवघर त्याच खोलीत होतं, टीव्हीच्या बाजूलाच. बाहेरच्या सगळ्या घरांतून मालिकेतली सनई ऐकू येत होती. माईंनी आबांकडे एकदा पाहिलं आणि स्वतः बाजूला सरकून वाट केली. "ये बाई. लवकर बघ."

सुमनताई आत आल्या. त्यांनी टीव्हीचा हार काढून माईंच्या हातात दिला, प्लग काढला आणि मागे वळल्या. "आबा, बसा इथं. हात पुढं करा."

"कशाला?"

"टीव्ही तुमचा हाय ना? स्क्रू धरा."

आबा बसले. चाळीस माणसांसमोर त्यांनी तळहात पसरला. मागचं झाकण निघालं. सुमनताईंनी चिमट्याने एकेक लाल तांदूळ उचलायला सुरुवात केली आणि ते आबांच्या दुसऱ्या तळहातावर ठेवत गेल्या. मध्येच म्हणाल्या, "देवाला अक्षता दिसतात आबा. मशीनला न्हाई दिसत. मशीनला नुसतं पाणी कळतंय." एक पोरगी फिसकन हसली. आबांच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं. फ्यूज बदलला, फडक्याने पुसलं, फुंकर मारून वाळवलं, झाकण लागलं. टीव्ही सुरू झाला तेव्हा पडद्यावर जेवणावळी चालल्या होत्या. लग्न लागून गेलं होतं, पण खोलीने एकदम श्वास सोडला.

माझी आई दाराशी होती. तिने सुमनताईंचा पदर हळूच ओढला आणि कुजबुजली, "आत्ता बोला पाटीचं. आत्ता नाही म्हणायचे नाहीत ते."

आईने कुजबुजायला नको होतं, कारण सुमनताईंना कुजबुजत उत्तर देता यायचं नाही.

"न्हाई वहिनी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बी.ए. मी पेपर लिहून झाले. अक्षता उचलून न्हाई."

टीव्हीकडे पाहणारी माणसं मागे वळली. आबांनी हातातल्या तांदळांकडे पाहिलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सुमनबाई. पाटीचं बघू पुढं कधीतरी."

"पुढं न्हाई आबा, आज सांगा. 'बघू'वर मला दुकान चालवता येत न्हाई. रोज सकाळी कुलूप उघडताना तुमच्या तोंडाकडं बघायचं का मी?"

आबांचे भाऊबंद भिंतीशी बसले होते. आबांची नजर तिकडे गेली आणि परत आली. मी तेव्हा त्यांच्या अगदी जवळ होते. त्यांना हो म्हणायचं होतं, असं मला आजही वाटतं. ते म्हणाले, "ओळ पुसा, गाळा ठेवा. माझ्यानं दुसरं होत न्हाई."

"बरं," सुमनताई म्हणाल्या. "मंग सोमवारी मोकळा करून देते." पेचकस कंबरेला खोचला आणि निघाल्या. दारात वळून माईंना म्हणाल्या, "पुढच्या लग्नाला खाली ताटात टाका अक्षता."

सोमवारी सकाळी त्या दारोदार फिरून लोकांच्या वस्तू देऊन आल्या. झालेल्याही आणि न झालेल्याही. प्रत्येक घरी तेच सांगितलं, "आता नाल्यापलीकडं, पाण्याच्या टाकीच्या मागं. ज्याला यायचं त्यानं यावं." आईने आमची इस्त्री घेतली आणि काहीतरी बोलायला गेली, पण तोवर त्या जिन्याच्या खाली होत्या.

त्याच उन्हाळ्यात बाबांची बदली झाली. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सोमवारीच, सायकलवरून शाळेला जाताना. स्टेशन रोडवर पेंटरच्या दुकानासमोर हातगाडा उभा होता. त्यावर टेबल, स्टूल, रेडिओंचे सांगाडे. पाटी भिंतीला टेकवलेली आणि तिच्यासमोर सुमनताई कंबरेवर हात ठेवून उभ्या. मी मान खाली घालून पुढे जाणार होते.

"ए इंग्लिश! थांब. तिकडं त्या टपरीपाशी जाऊन उभी ऱ्हा. तिथून वाचता येतंय का सांग."

मी सायकल लावून रस्ता ओलांडला. टपरीवरची माणसं चहा थांबवून माझ्याकडे पाहायला लागली. मी पाटीकडे पाहिलं. "वरचं येतंय," मी म्हटलं. ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून म्हटलं, "खालची ओळ नाही येत!"

"बघ," त्या पेंटरला म्हणाल्या. "हिला तरण्या डोळ्यांनी दिसत न्हाई, आन् आबाच्या भाऊबंदांना गावाकडून दिसली. मोठी कर."

"किती मोठी?"

"माझ्या नावाएवढी. न्हाई, त्याच्याहून मोठी."

पेंटरने पाटीवर वीत लावून पाहिली, मान हलवली. "जागा न्हाई ताई. एवढी अक्षरं काढायची तर ही मिक्सर-इस्त्रीची ओळ पुसावी लागंल."

"पूस."

"आवं, मग लोकांना कळंल कसं तुमी काय करता?"

"मिक्सर जळाला की कळतंय लोकांला बरोबर," सुमनताई म्हणाल्या. "तू पूस."

पेंटरने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि 'मिक्सर'च्या 'मि'पासून सुरुवात केली. सुमनताईंनी हातगाड्यावरचं स्टूल उतरवलं आणि भर रस्त्याच्या कडेला, पाटीसमोर, ओळ पुरी होईपर्यंत बसायच्या तयारीने बसल्या.